लिटल कर्ल्यूची साय

दिवाकरराव खानझोडे यांना नदीचा उगम बघायचा होता. जन्मभर आर्वीच्या शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. पत्नी गेल्यावर ते मुलीकडे, ऋजुताकडे, अमेरिकेत आयोवात राहायला आले, आणि सामान लावून होतं न होतं तोच त्यांनी घरामागून वाहणाऱ्या नदीची चौकशी सुरू केली. नदीचं नाव लिटल कर्ल्यू. कर्ल्यू हा लांब, बाकदार चोचीचा गवताळ रानातला पक्षी. तो त्या भागातून केव्हाच नाहीसा झाला होता. नाव तेवढं मागे राहिलं होतं.

"उगम तसा काही खास नाहीये हं, बाबा," गाडी चालवताना ऋजुता म्हणाली.

"उगम हा उगम असतो. दाखव तर खरं."

२०३८ सालचा मे महिना होता. फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मक्याची पोपटी रोपं. टेकडी नाही, खडक नाही, साधा चढसुद्धा नाही. एका शेताच्या कडेला ऋजुताने गाडी थांबवली आणि त्यांना एका खोल चराच्या काठावर नेलं. समोर मातीतून काळ्या प्लास्टिकच्या नळाचं तोंड बाहेर आलं होतं. त्यातून मनगटाएवढी धार चरात पडत होती.

"हे काय?"

"हाच उगम."

दिवाकररावांनी वाकून धारेखाली हात धरला. मग म्हणाले, "अगं, हा तर नळ आहे!"

ऋजुताने त्यांना समजावलं. हिमयुगातल्या बर्फाने ही जमीन रगडून सपाट केली होती. पाण्याला उतारच मिळत नसे. वसंतात पडलेलं पाणी महिनोन् महिने जमिनीवर उभं राही, त्यात माणसाच्या डोक्यावरून जाणारं गवत माजे, आणि त्या दलदलीतून पाझरत पाझरत नदी बने. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमिनीखाली कमरेएवढ्या खोलीवर भाजक्या मातीचे नळ टाकले. पुढे त्यांच्या जागी भोकं पाडलेले प्लास्टिकचे नळ आले. जमिनीत मुरलेलं पाणी त्या नळांतून थेट चरात आणि चरातून नदीत. दलदल गेली आणि जगातल्या सर्वांत सुपीक जमिनींपैकी एक हाती आली. पण पूर्वी जे पाणी नदीपर्यंत पोचायला महिना घेई, ते आता दिवसात पोचू लागलं, आणि येताना खतातलं नायट्रेट घेऊन येऊ लागलं. खालच्या गावांना ते पाणी पिता येईना. मासे कमी झाले. पूर आला की काठ ढासळायचे.

तेवढ्यात शेताच्या कडेने एक उंच, वाळकासा म्हातारा चालत आला. शेत त्याचंच होतं. व्हर्न होल्ट्झ हा त्या भागातल्या निचरा मंडळाच्या तीन निवडून आलेल्या विश्वस्तांपैकी एक. कुणाच्या शेतातले नळ कुठे सोडायचे, चर कधी उपसायचे, हे ते तिघे ठरवत.

"माझ्या आजोबांच्या वेळी इथं तळं होतं," तो दिवाकररावांना म्हणाला. "त्यांनी ते कोरडं केलं. गावानं त्यांना त्यासाठी मेजवानी दिली होती."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" दिवाकररावांनी आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं.

व्हर्न हसला. "मी त्या तळ्यावर मका पिकवतो, मिस्टर के. मला काय वाटणार?"

पण पुढे ऋजुताने पहिला प्रयोग करायला शेत मागितलं, तेव्हा हो म्हणणारा हाच माणूस होता.

ऋजुता जवळच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. तिने दोन जिवाणूंची जोडी तयार केली होती. पहिला जिवाणू नळाच्या आतल्या अंगाला चिकट साखरेचं जाळं विणायचा. दुसरा त्या जाळ्यात बसून पाण्यातलं नायट्रेट खायचा आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू करून हवेत सोडायचा. दोघांचा मिळून एक पातळ, पांढुरका थर बने. प्रयोगशाळेत त्याला एक लांबलचक क्रमांक होता. दिवाकररावांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाले, "ही तर साय!" तेव्हापासून सगळेच त्याला साय म्हणू लागले, व्हर्नसुद्धा, त्याच्या उच्चारात.

ही साय हाताबाहेर जाऊ नये म्हणून ऋजुताने तिला एक लगाम घातला होता. तिला जगायला असं एक अन्न लागे, जे निसर्गात सापडत नाही. त्या अन्नाच्या कांड्या नळात ठेवायच्या. कांड्या काढून घेतल्या की साय उपाशी मरणार.

दोन वर्षांत व्हर्नच्या नळातून येणारं पाणी पिण्याजोगं झालं. शेजाऱ्यांनी साय मागून घेतली. नायट्रेटवर पोसलेलं शेवाळ गेलं आणि नदी निवळली. कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता तो लिटल कर्ल्यूचा वाळूचा तळ दिसू लागला, आणि तळाला शिंपले.

हे शिंपले दिवाकररावांचं वेडच होऊन बसले. रोज सकाळी ते आणि व्हर्न गुडघाभर पाण्यात उतरत. व्हर्न त्यांना लोकांनी ठेवलेली नावं सांगे आणि दिवाकरराव त्यांची मराठी करत: पिस्तुलाची मूठ, माकडतोंड्या, धुण्याची फळी. एकेका शिंपल्याचं वय झाडासारखं त्याच्या वळ्यांवरून कळे. काही तर व्हर्नहून मोठे निघाले. कारखाने, कीटकनाशकं, गढूळ पूर, सगळं सोसून ते वाळूत अर्धे रुतून बसले होते.

एकदा दिवाकररावांनी ऋजुताला फोन करून प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं. "लवकर ये. काय पाहून राहिलो ते सांगता नाही येत."

पाण्यात एका मादी शिंपल्याने आपल्या मांसाचा एक पदर बाहेर काढला होता. त्या पदराला डोळा होता, शेपूट होती. तो हुबेहूब लहान माशासारखा वळवळत होता. एक मोठा मासा फसला आणि त्याने झडप घातली. त्याच क्षणी शिंपल्याने आपल्या पिल्लांचा धुरळा त्याच्या तोंडात उडवला. आता ती पिल्लं त्याच्या कल्ल्यांना चिकटून काही आठवडे जगणार होती, मग सुटून वाळूत पडणार होती.

"तिला डोळे नाहीत, रुजू," दिवाकरराव म्हणाले. "मासा कसा दिसतो हे तिनं कधी पाहिलेलं नाही. आणि तरी!"

त्या उन्हाळ्यात ऋजुताला नखाएवढे कोवळे शिंपलेही सापडले. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ होता.

पुढच्या वसंतात व्हर्नच्या मक्यात बदकं उतरली.

पाऊस मोठा पडला होता, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पण पाणी ओसरेना. आठवडा गेला, रोपं पिवळी पडली. ऋजुताने चर गाठला. नळातून जेमतेम थेंब ठिबकत होते. तिने व्हर्नला नळाचा एक तुकडा खणून काढायला सांगितला आणि तो उभा चिरला.

आत खरवस भरल्यासारखी साय होती. घट्ट, थरथरणारी, काठोकाठ.

"कांड्या काढून टाका," ती म्हणाली. "सगळीकडच्या. आजच."

कांड्या काढल्या. साय मेली नाही. ऋजुताने तिची जनुकं वाचली. मातीतल्या कुठल्याशा जिवाणूकडून सायीने एक जनुक उचललं होतं. मक्याच्या मुळांतून झिरपणारी साखर ती आता खात होती. आणि मका तर क्षितिजापर्यंत होता.

चर उपसणारी यंत्रं एका शेतातून दुसऱ्या शेतात जात होती. हरणांच्या खुरांना, बुटांच्या तळव्यांना, बदकांच्या पायांना चिकटून साय जात होती. शरद ऋतूपर्यंत लिटल कर्ल्यूच्या खोऱ्यातले बहुतेक नळ तुंबले. जिथे नळ तुंबले तिथे जमीन पुन्हा पूर्वीसारखी पाणी धरू लागली. बुडालेल्या शेतांत लव्हाळे उगवले. कुणी पेरले नव्हते. शंभर वर्षं मातीत दबून राहिलेलं बी ओल मिळताच जागं झालं होतं.

दिवाकररावांना ते पाहून भरून आलं. ते व्हर्नच्या घरी गेले. व्हर्न तळघरातलं पाणी पंपाने उपसत होता. त्याच्या पायांत रबरी बूट होते आणि वास असह्य होता. गावाबाहेरच्या घरांच्या सांडपाण्याच्या टाक्यासुद्धा याच नळांत सोडलेल्या होत्या, हे त्या वर्षी सगळ्यांना नव्यानं आठवलं.

"व्हर्न," दिवाकरराव म्हणाले, "नदीच्या दृष्टीनं पाहिलं तर ही तिचीच जागा आहे. ती परत येऊन राहिली आहे, एवढंच."

व्हर्नने पंप बंद केला. "आणि लॉरेटाच्या दृष्टीनं पाहिलं तर?"

लॉरेटा त्याची बायको. सांडपाणी त्यांच्या विहिरीत उतरलं होतं आणि कळायच्या आत ती ते पाणी प्यायली होती. तिची मूत्रपिंडं गेली होती. ती शहरातल्या इस्पितळात होती, आणि यापुढे तिला इस्पितळाजवळच राहावं लागणार होतं. दिवाकररावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मला माफ करा," ते म्हणाले.

"तुमचं काही चुकलं नाही, मिस्टर के," व्हर्न म्हणाला आणि त्याने पंप पुन्हा सुरू केला. पंपाच्या आवाजात पुढे बोलता येण्यासारखं नव्हतं. त्यानंतर दोघं मिळून नदीत उतरले नाहीत.

हिवाळ्यात निचरा मंडळाची सभा भरली. चर्चचं तळघर पाण्यात होतं, म्हणून अग्निशमन बंबाच्या गॅरेजमध्ये खुर्च्या मांडल्या. माणसं कोटांसकट बसली होती. ऋजुता पुढे उभी राहिली तेव्हा कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

उपाय एकच सापडला होता. तांबं. तांब्याचा पाण्यात विरघळणारा क्षार नळांतून सोडला की साय सुटून येते आणि मरते. पण ते पाणी जाणार नदीतच. आणि शिंपले हे तांब्याच्या बाबतीत सगळ्या जलचरांत नाजूक. साय मारायला जेवढं तांबं लागतं, त्याच्या कितीतरी लहान अंशाने कोवळा शिंपला मरतो. साय मरेल आणि शिंपले जगतील असा आकडाच नव्हता. ऋजुताने कित्येक आठवडे तो आकडा शोधण्यात घालवले होते.

"दुसरा काही मार्ग?" व्हर्नने विचारलं. एका विश्वस्ताचं मत तांब्याच्या बाजूने पडलं होतं, दुसऱ्याचं विरुद्ध. त्याला आपल्या मातीत तांबं नको होतं. आता सगळं व्हर्नवर होतं.

"सगळे नळ खणून नवे टाकायचे. त्याला दहा-बारा वर्षं लागतील. तोवर विहिरी वापरता येणार नाहीत."

"एखादा ओढा वगळता येईल? निदान माझ्या शेताजवळचा, उगमापासचा?"

"वगळला तर साय तिथून परत खाली येईल."

व्हर्नने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग माझं मत तांब्याला," तो म्हणाला. कुणी टाळी वाजवली नाही. खुर्च्या सरकल्याचे आवाज तेवढे झाले. ठेकेदार पुढे येऊन ऋजुताला म्हणाला, "डॉक्टर, किती टाकायचं तो आकडा तुम्ही द्या. नाहीतर मी डब्यावरचा घेतो."

तिने त्याला दोन दिवस मागितले.

घरी दिवाकरराव जेवायचे थांबले होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ताटातली पोळी तशीच ठेवली.

"तू आकडा देऊ नकोस," ते म्हणाले.

"बाबा, डब्यावरचा आकडा माझ्या आकड्याच्या तिप्पट आहे."

"तुझ्या आकड्यानं शिंपले वाचतील?"

"नाही."

"मग?"

"कदाचित मासे वाचतील. काही किडे वाचतील. गाळात तांबं कमी राहील. पुढेमागे कुणाला काही करायचं झालं तर..."

"तुझ्या हातानं नको, रुजू. एवढंच म्हणतो मी. व्हायचं ते होऊ दे, पण तुझ्या हातानं नको."

"साय माझ्याच हातची आहे ना, बाबा? मी हात मागे घेतला तर तो स्वच्छ होतो का?"

दिवाकरराव उठले, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. ऋजुताने तिथेच जेवणाच्या टेबलावरून ठेकेदाराला फोन लावला आणि आकडा सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून खात्री करून घेतली.

तांबं बर्फ वितळल्यावर सोडायचं ठरलं. मधल्या काळात जेवढे निघतील तेवढे शिंपले काढायचे, असं ऋजुताने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती छातीपर्यंत रबरी पोशाख चढवून निघाली, तेव्हा दिवाकरराव दारात तयार उभे होते. नदीवर पोचल्यावर काठाला व्हर्नचा ट्रक दिसला. तिघं बर्फाळ पाण्यात वाकून हाताने वाळू चाचपत राहिले. बोटं बधिर झाली की ट्रकच्या हीटरपाशी धरायची आणि पुन्हा उतरायचं. गावातली आणखी काही माणसं आली. ज्यांचं शेत बुडालं होतं तीसुद्धा आली.

शिंपल्यांची पिंपं भरली. पण त्यांना सोडायचं कुठे? शिंपला सगळं आयुष्य पाणी गाळत जगतो. त्याच्या कल्ल्यांत साय बसलेली होती. बाहेरून घासून ती जात नव्हती. राज्याने दुसऱ्या कुठल्याही नदीत त्यांना सोडायला बंदी केली, आणि ऋजुता त्या जागी असती तर तिनेही तेच केलं असतं. पिंपं प्रयोगशाळेत आली. टाक्या, पंप, शेवाळाचं खाद्य, सगळं तिने मांडलं. शिंपल्यांनी कवाडं मिटून घेतली.

एप्रिलमध्ये तांबं सुटलं. काही दिवस नळांतून पांढऱ्या चिंध्या वाहत आल्या, मग निळसर पाणी, मग साधं. शेतं निथळली. विहिरींचं पाणी तपासणीत उतरलं. व्हर्नने उशिरा का होईना मका पेरला आणि तो उगवला. लॉरेटा परत आली नाही. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रावर पडावं लागत होतं. व्हर्न शनिवारी तिच्याकडे जाई.

नदीत मासे थोडे उरले. शिंपले सगळे गेले. पाणी ओसरल्यावर ते उघड्या कवाडांनी वाळूवर पडलेले दिसत, आतून मोत्यासारखे चमकणारे. प्रयोगशाळेतल्या टाक्यांतले उन्हाळ्याअखेर एकेक करून गेले. पाण्यातलं नायट्रेट जिथे प्रयोगापूर्वी होतं तिथे परत येऊन थांबलं. विद्यापीठाने सायीवरचं काम बंद केलं. ऋजुताला पाणी तपासायचं काम तेवढं ठेवलं.

सप्टेंबरात दिवाकररावांनी परत जायचं ठरवलं.

"माझ्यावर रागावून चाललात?" ऋजुताने विचारलं.

"रागावलो असतो तर भांडलो असतो. राहून भांडलो असतो." त्यांनी स्वेटरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "सकाळी उठतो. काठी घेतो. दारापर्यंत जातो. मग आठवतं, जाऊन बघायचं काय? तिकडे निदान ओळखीची माणसं आहेत."

ती त्यांच्या शेजारी पलंगावर बसली. तिला त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. त्यांनी आपणहून तिच्या केसांवर हात ठेवला, पण तो हात कुठेतरी लांबून आल्यासारखा तिला वाटला.

विमानतळावर सोडायला ऋजुताबरोबर व्हर्नही आला. त्याने बॅगा ट्रकमध्ये टाकल्या, उतरवल्या. दोघा म्हाताऱ्यांनी हस्तांदोलन केलं आणि ते नेहमीपेक्षा जरा लांबलं.

"पीक बरं आलंय?" दिवाकररावांनी विचारलं.

"बरं आलंय."

"छान."

परतीच्या रस्त्यावर, शहराबाहेर पडल्यावर, व्हर्नने विचारलं, "परत येतील का ते? शिंपले?"

ऋजुताला खोटं बोलता आलं असतं. "मासे खालच्या मोठ्या नदीतून येतील, चार-पाच वर्षांत. पण त्यांच्या कल्ल्यांवर पिल्लं हवीत ना. मोठ्या नदीतही या जाती आता फारशा उरल्या नाहीत. आणि गाळात तांबं आहे."

"म्हणजे माझ्या हयातीत नाही."

"माझ्याही नाही, व्हर्न."

त्याने मान हलवली. दोन्ही बाजूंना मका पिकून करडा झाला होता. पीक चांगलं होतं.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला. दोघांचं पाणी मोजून ठेवल्याचं तिच्या उशिरा लक्षात आलं. अर्धं ओतून दिलं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस दोन जिल्ह्यांपलीकडच्या एका निचरा मंडळाचा अध्यक्ष होता. आवाज नम्र होता, जरा घाबरलेला.

"डॉक्टर खानझोडे? आमच्याकडे नळ तुंबायला लागलेत. आत पांढरं, खरवडून निघत नाही असं काहीतरी आहे. लोक म्हणाले, तांब्याचा आकडा तुमच्याकडे आहे."

ती भिंतीला टेकली. "कुठल्या नदीचं खोरं?"

त्याने नाव सांगितलं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं. मोठ्या नकाशांतही नसेल अशी एखादी नदी असावी, लिटल कर्ल्यूएवढीच.

"तिच्यात शिंपले आहेत?"

"शिंपले?" तो गोंधळला. "माहीत नाही बुवा. कधी पाहिलं नाही."

"आकडा देते मी," ऋजुता म्हणाली. "पण फोन ठेवलात की तुम्ही नदीवर जा. पाण्यात उतरा आणि वाळूत हात घालून बघा. घरची माणसं बरोबर न्या. आजच जा."

"बघून काय करायचं?"

"काही नाही," ती म्हणाली. "बघून घ्या."

मग तिने त्याला आकडा सांगितला.